ज्याची त्याची जागा

काही धंदे असे भाग्यवान असतात की त्यांचं नुसतं नाव काढलं तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं चित्र उभं राहतं. सुतार म्हटलं की रंधा दिसतो, कुंभार म्हटलं की चाक फिरू लागतं, आणि मास्तर म्हटलं की अजूनही काहीजणांचा हात नकळत कानाकडे जातो. माझ्या धंद्याला हे भाग्य कधी लाभलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत लिंबागणेशला गेलो की कुणी ना कुणी विचारतंच, "तू त्या कारखान्यात नेमकं करत काय होतास?" मी सांगतो, "एका यंत्रातली माहिती दुसऱ्या यंत्रात भरत होतो." आमच्या चुलतीनं तर यावर एकदा चकलीचा सोऱ्या खाली ठेवून मला नीट न्याहाळलं आणि म्हटलं, "म्हंजे ह्या घागरीतलं पाणी त्या घागरीत? आन् तेवढ्याचा पगार देतेत व्हय?"

चुलतीचं निदान निम्मं बरोबर होतं. काम घागरीतलं घागरीत ओतण्याचंच. फरक एवढाच की पाण्याला पाण्याची ओळख सांगावी लागत नाही. कुठूनही घ्या, ते पाणीच असतं. माहितीचं तसं नाही. तिच्यातल्या प्रत्येक थेंबाला आपण कोण हे ठाऊक असावं लागतं. आणि ज्या जातीच्या फाइलींशी माझा पंचवीस वर्षं संसार झाला, त्या फाइलींत कुणाच्याही अंगावर नावाची चिठ्ठी नसे.

हे जरा फोड करून सांगायला हवं. यंत्रात भरायच्या साध्या मजकुराच्या फाइली मुख्यतः दोन जातींच्या. एका जातीत दोन गोष्टींच्या मध्ये स्वल्पविराम घालतात. आकडा, स्वल्पविराम, नाव, स्वल्पविराम, गाव. म्हणजे एकाचं घर कुठं संपलं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू झालं हे आंधळ्यालाही कळावं. दुसरी जात ठरीव रुंदीची. तिच्यात मध्ये कुंपण नाही, भिंत नाही, काही नाही. अक्षरांची एक सलग ओळ. पहिली सहा घरं पावतीच्या क्रमांकाची, पुढची आठ तारखेची, त्यापुढची चार टोळीच्या क्रमांकाची, मग दहा वाहनाची, पाच भरलेल्या वजनाची, पाच रिकाम्या वजनाची, अशी वाटणी आधी ठरलेली असते. नावाला वीस घरं दिली असतील आणि माणसाचं नाव नुसतं 'राम' असेल, तरी उरलेली घरं कोरीच ठेवायची. शेजाऱ्यानं तिथं पाय पसरायचे नाहीत. नावं डाव्या भिंतीला टेकून बसतात, आकडे उजव्या भिंतीला. आकड्यांच्या डावीकडे जागा उरली तर तिथं शून्यं मांडायची.

अशा ओळीत 'हे वजन आहे' किंवा 'ही तारीख आहे' असं कुठंही लिहिलेलं नसतं. कोण कुठं बसलं आहे, हीच त्याची ओळख. ती वाटणी एका वेगळ्या कागदावर असते. आम्ही त्याला लेआउट म्हणायचो. फाइल पाठवणारा आणि फाइल घेणारा या दोघांजवळ तो कागद हवा, आणि तो एकच हवा. तो हरवला की पाच हजार ओळींची फाइल म्हणजे नुसती अंकांची रांगोळी.

लिंबागणेशच्या माणसाला ही गोष्ट समजायला खरं तर जड जाऊ नये. बालाघाटाच्या डोंगरातलं हे आमचं गाव ओळखलं जातं ते भालचंद्र गणपतीच्या देवळामुळं. चंद्र गणपतीला हसला, त्याला शाप मिळाला, आणि तो फिटावा म्हणून त्यानं इथं तप केलं, अशी गावाची श्रद्धा आहे. देव प्रसन्न झाला तेव्हा त्यानं चंद्राला कपाळावर जागा दिली. जागा मिळाली आणि हिणवला गेलेला चंद्र पूजेचा धनी झाला. चंद्र तोच, पण बसला कुठं यावर त्याची किंमत बदलली. लहानपणी ही कथा ऐकताना मला चंद्राची कीव यायची. मोठेपणी फाइली बघताना ती कथा उगाच आठवायची.

या ठरीव रुंदीला इतिहासही मोठा आहे. अमेरिकेत १८९० च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथ यांनी भोकं पाडलेल्या कार्डांवर माणसं मोजणारं यंत्र वापरलं. पुढं १९२८ साली आयबीएम कंपनीनं ऐंशी रकान्यांचं कार्ड काढलं, आणि पुढच्या कित्येक पिढ्यांच्या कारकुनीला ऐंशी हा आकडा चिकटला. माणूस कितीही मोठा असो, त्याची हकीकत ऐंशी घरांत बसली पाहिजे. साहजिकच काटकसर सुरू झाली. वर्ष लिहायला चार घरं कशाला, दोन पुरे; शतक कुणाला विचारायचंय! त्या वाचवलेल्या दोन घरांचं व्याज साऱ्या जगानं १९९९ साली फेडलं. २००० साल उजाडलं की यंत्रांना ते १९०० वाटेल, या धास्तीनं जगभरचे जुने हिशेब उलगडून वर्षाची घरं तपासावी लागली, आणि त्या कामावर आपली कितीतरी मराठी पोरं परदेशी गेली. कार्डं केव्हाच रद्दीत गेली होती. रुंदीची सवय मात्र राहिली होती.

मला हे काम परकं वाटलं नाही याचं श्रेय माझ्या आजोबांना. ते एका दुकानात दिवाणजी होते. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सरकारी कागद उर्दूत, पण दुकानाची वही मोडीत. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जातो. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची रीत नाही. शब्द कुठं तुटतो हे वाचणाऱ्यानं जाणायचं. मारवाडी पेढ्यांवरच्या मुडिया लिपीची गोष्ट तर ठाऊकच असेल. काका अजमेरला गेले, असं पत्र आलं. काना-मात्रा नसलेली ती ओळ घरच्यांनी भलतीकडे तोडली आणि काका आज मेले म्हणून घरात रडारड झाली. ठरीव रुंदीची फाइल चुकीच्या घरात तोडली की हेच होतं. फरक एवढाच की यंत्र रडत नाही. ते शांतपणे काकांच्या नावापुढं मृत्यूची नोंद करून पुढच्या ओळीकडे वळतं.

आजोबांच्या वहीत आणखी एक गंमत होती. पैशाचे दोन रकाने असत: एक हाली सिक्क्याचा, एक कलदाराचा. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजी अमलातला. १९५० मध्ये भारतीय रुपया तिकडे सुरू झाला तेव्हा सात हालींना सहा कलदार असा भाव ठरला होता. म्हणजे ७०० हा आकडा एका रकान्यात लिहिला तर ७०० रुपये, आणि हात सरकून तो शेजारच्या डाव्या रकान्यात पडला तर त्याचे ६०० रुपये. आकड्याचं एक टोकही मोडलेलं नाही, शाई तीच, हात तोच. शंभर रुपये मात्र गेले. म्हणून रोजकीर्दीतून खतावणीत नोंदी उतरवल्या की आजोबा दोन्हीकडच्या बेरजा मांडायचे. त्याला ते ताळा पाहणं म्हणत. लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजण्याआधी जुन्या वहीचा ताळा लागलाच पाहिजे, नाही तर त्या रात्री त्यांच्या ताटातला फराळ तसाच राही. डीबेस आणि फॉक्सप्रो या प्रणालींत ठरीव रुंदीची फाइल आत ओढून घ्यायची आज्ञा मी शिकलो, तेव्हा मला वाटलं, ही तर खतावणीच! फक्त मान मोडून लिहायचं काम यंत्र करणार. ताळा पाहायचं काम मात्र यंत्रानं आपणहून घेतलेलं नव्हतं.

यंत्राच्या रुंदीनं सगळ्यात आधी चिमटा घेतला तो आमच्या गावालाच. आमच्याकडे गावांची नावं इंग्रजी अक्षरांत भरत, आणि गावाला घरं होती दहा. बीडला चार पुरायची, पाटोद्याला सहा. लिंबागणेशच्या स्पेलिंगात मात्र अक्षरं भरतात अकरा. शेवटचा एच बाहेर राही, आणि छापील यादीत गावाचं नाव येई 'लिंबागणेस'. माझी आजी जन्मभर 'गणेस'च म्हणायची. तेव्हा लाखो रुपयांच्या यंत्रानं तिचा उच्चार उचलला याची मला मौज वाटे. पुढं संगणकात मराठी आली. १९९१ साली भारतीय मानक ठरलेल्या इस्की संकेतात एका चिन्हाला एक घर लागे. त्यानंतरच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ या मांडणीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन घरं लागतात. लिंबागणेश हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसतो. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सुटे मोजले तर चिन्हं होतात नऊ, आणि यंत्राच्या हिशेबानं घरं होतात सत्तावीस. त्याला पंचवीस घरं दिली तर शेवटच्या 'श'चा एक तृतीयांश भाग आत येतो आणि त्या जागी पडद्यावर एक प्रश्नचिन्ह उमटतं. एक गोष्ट मात्र इंग्रजीत काय आणि मराठीत काय, सारखीच: जागा कमी पडली की कापलं जातं ते शेवटचं.

आता कारखान्याची गोष्ट. आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळीला दोन चेहरे असतात. दारात आकाशकंदील लागलेला असतो आणि त्याच्याच उजेडात ट्रकमध्ये बोचकी चढत असतात. भांडीकुंडी, पत्र्याची पेटी, कोंबड्या, शेळी, कडेवरची पोरं. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची भाऊबीज बहुधा फडावरच होते. मीही गाव सोडून कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात नोकरीला लागलो होतो. म्हणजे माझ्या गावची माणसं ऊस तोडत होती आणि मी त्यांनी तोडलेल्या उसाचे आकडे यंत्रात भरत होतो.

उसानं भरलेलं वाहन आलं की ते काट्यावर उभं राहतं. भरलेलं वजन, मग ऊस उतरवल्यावर रिकामं वजन, दोहोंची वजाबाकी म्हणजे ऊस. काट्याजवळचं यंत्र प्रत्येक पाळीची एक फाइल तयार करी. ती तबकडीवर घेऊन शिपाई आमच्या खोलीत येई, आणि मी ती मुख्य यंत्रात ओढून घेई. दर पंधरवड्याला त्यावरून बिलं निघत. शेतकऱ्याचं उसाचं, वाहनवाल्याचं वाहतुकीचं आणि टोळीचं तोडणीचं.

१९९५ च्या जानेवारीतली गोष्ट. कारखान्याला दोन काटे होते. त्यांतला एक बिघडला, दुरुस्तीला माणूस आला आणि काटा पुन्हा सुरू झाला. त्या पंधरवड्याची फाइल आत घेतली. यंत्रानं कसलीही कुरकुर केली नाही. इतक्या ओळी आल्या, इतक्या घेतल्या, असं सांगून ते मोकळं झालं. सवयीप्रमाणं मी काट्यावरच्या कारकुनाची हातानं लिहिलेली वही मागवली आणि बेरजा ताडून पाहिल्या. एका काट्याचा ताळा लागला. दुरुस्त झालेल्या काट्यावर मात्र वहीतला ऊस आणि यंत्रातला ऊस यांत जमीनअस्मानाचं अंतर. यंत्राच्या मते ऊस आला होता जेमतेम सहावा-सातवा हिस्सा.

एक ओळ घेऊन बसलो. वहीत भरलेलं वजन २४,८६० किलो, रिकामं ९,३४० किलो. ऊस १५,५२० किलो. यंत्रात भरलेलं वजन २,४८६, रिकामं ९३. ऊस २,३९३ किलो. ओळ उघडून पाहिली तेव्हा उलगडा झाला. दुरुस्तीनंतर काट्याचं यंत्र वजन पाच घरांऐवजी सहा घरांत लिहू लागलं होतं आणि पहिल्या घरात शून्य घालत होतं. ओळीत होतं ०२४८६०००९३४०, आणि नव्या मांडणीप्रमाणं दोन्ही वजनांची मिळून बारा घरं भरली होती: ०२४८६० आणि ००९३४०. माझ्याकडचा कागद जुना. त्याप्रमाणं यंत्रानं पहिली पाच घरं तोडली, ०२४८६. पुढची पाच तोडली, ०००९३. आणि उरलेलं ४० कुणाचंच नाही म्हणून टाकून दिलं. एकही अंक खोटा नव्हता. सगळे आले होते, पण एका घरानं सरकून बसले होते.

बिलं मी थांबवली. कागद नवा केला, फाइल पुन्हा आत घेतली, बेरजा जुळल्या. पण या सगळ्यात दोन दिवस गेले, आणि टोळ्यांना पंधरवड्याची खर्ची दोन दिवस उशिरा मिळाली. फडावर दोन दिवस म्हणजे दोन दिवसांचं पीठमीठ. तिसऱ्या दिवशी सकाळी मुकादम आला, आणि त्याच्याबरोबर टोळीतली काही माणसंही आली. त्यांत एक बाई होती. पायांत उसाच्या पाचटानं कापल्याच्या रेघा, डोक्याला बांधलेला रुमाल तसाच. माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, तुमी लिंबागणेशचे ना? माहं म्हायेर तिथलंच हाय." गावची लेक म्हणजे बहीणच. मी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि उशीर का झाला ते जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. ओळीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते, जागा सरकली की माणसाचं नुकसान होतं, म्हणून मी सगळं पुन्हा मोजून घेतलं. टोळीची यादीही तिच्यापुढं धरली. सगळं बरोबर आहे, वीस नावं दिली, वीस आली.

ती चौथीपर्यंत शिकलेली होती. यादीवरून बोट फिरवत सावकाश खाली आली आणि म्हणाली, "दादा, आमी तर फडात चाळीस जणं हाव."

मी म्हटलं, "ताई, हे वीस कोयते आहेत. एक कोयता म्हणजे..."

"कोयता म्हंजे काय ते मला नका सांगू. नवरा-बायकू मिळून एक कोयता. मी इचारते, माहं नाव कुठंय?"

खरं उत्तर एकच होतं. मी म्हटलं, "त्याला रकाना नाही, ताई."

ती हसली. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "रकाना न्हाई? मंग मोळी कोन्त्या रकान्यातून चढती टरकात?"

मुकादम हसला, बाकीचे हसले, चहा आला, पैसे मिळाले, मंडळी गेली. मी मात्र त्या यादीकडे बघत बसलो. दोन दिवस मी ज्या ताळ्याचा अभिमान वाहत होतो तो किती उणा आहे हे आज कळलं होतं. सरकलेलं वजन ताळ्यानं पकडलं, कारण वजनाला रकाना होता. वीस नावं गेली, वीस आली; बेरीज बिनचूक. पण ज्यांची नावं कधी निघालीच नाहीत त्यांची तूट कुठल्या बेरजेत दिसणार? यंत्र लेआउटच्या बाहेरचं काही मोजत नाही. आणि लेआउट लिहिणारा माणूस असतो. त्याला जे दिसतं त्यालाच तो घरं देतो. ऊस तोडून, मोळी बांधून, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई कित्येक वर्षं साऱ्या कारखान्याला रोज दिसत होती. कागदाला तेवढी दिसत नव्हती.

आता आमच्या धंद्यातल्या एका जुन्या शहाणपणाबद्दल सांगतो. लेआउट करणारे जाणते लोक ओळीच्या शेवटी काही घरं मुद्दाम कोरी ठेवत. त्याला फिलर म्हणत. आज त्याचा काही उपयोग नाही, पण उद्या काही नवं आलं तर रुंदी न बदलता त्याला बसायला जागा असावी. घर बांधताना दारापाशी एक कोनाडा जास्तीचा ठेवावा तसं. टोळीच्या यादीच्या ओळीत अशी तीस घरं कोरी होती. वरिष्ठांना मी विचारलं, या जागेत कोयत्यातल्या दुसऱ्या माणसाचं नाव भरू का? उत्तर मिळालं, "बिल कोयत्यावर निघतं, नावावर नाही. पण रुंदी बदलत नसेल तर तुम्हाला हवं ते करा." रुंदी बदलत नव्हती.

वाटलं होतं तेवढं ते काम सोपं नव्हतं. मुकादमांनी दिलेल्या चिठ्ठ्यांत नवऱ्याच्या नावापुढं नुसतं 'मंडळी' असं लिहून आलं. कुणी लिहिलं 'घरची'. शेवटी शेतकी खात्यातला एक कारकून कोपीकोपीवर जाऊन विचारून आला. काही बायकांनी आपलं नाव शेजारणीला सांगायला लावलं. तोंडानं आपलंच नाव घ्यायची सवय नव्हती. महिन्याभरात वीस ओळींत चाळीस नावं झाली, आणि मग इतर टोळ्यांच्याही ओळी भरत गेल्या. त्यामुळं कुणाच्या बिलात एक पैशाचा फरक पडला नाही, हे प्रामाणिकपणानं सांगितलं पाहिजे.

फरक पडला तो हंगाम संपताना, हिशेबाच्या दिवशी. एका कोयत्यातला नवरा जानेवारीच्या अखेरीस आजारी पडून गावी परतला होता. बायको मागं राहून दिराबरोबर तोड करत राहिली होती. मुकादम म्हणाला, "हा कोयता जानेवारीतच मोडला." म्हणजे पुढचे दोन महिने तिचे गेले आणि उचल मात्र पुरी अंगावर राहिली. यादी मागवली. कोयत्याच्या ओळीत पहिल्या नावापुढं 'गावी गेला' असा शेरा होता. दुसऱ्या नावापुढं काहीच शेरा नव्हता. ती तिथंच होती. कोयता मोडला नव्हता, अर्धा उभा होता. तिच्या वाट्याची तोड उचलीतून वजा झाली. रक्कम मोठी नव्हती. पण शेवटी कोऱ्या ठेवलेल्या तीस घरांनी एका बाईचे दोन महिने वाचवले. पुढं कारखान्यानं यंत्रं बदलली तेव्हा नव्या लेआउटात 'दुसरं नाव' हा रकाना रीतसर आला. फिलरमधली पाहुणी घरची झाली.

आता मी निवृत्त आहे. ठरीव रुंदीच्या फाइलीही बऱ्याचशा निवृत्तीला आल्या आहेत. बँकांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या जुन्या देवघेवीत त्या अजून भेटतात. पण रकान्यांचं राज्य गेलेलं नाही, उलट वाढलं आहे. २०१७ साली राज्यात शेतकऱ्यांची कर्जमाफी झाली, तेव्हा बँकांना एकेका कर्जदाराची माहिती ६६ रकान्यांत भरून द्यावी लागली होती. माणसाचं सगळं दुःख सहासष्ट घरांत! रेशन असो, पीकविमा असो, पेन्शन असो, गावचा माणूस आज कुठल्या ना कुठल्या यादीत आपलं नाव शोधत असतो. यादीत नाव चुकलं तर तो भांडतो, आणि त्यानं भांडलंच पाहिजे. पण यादीला आपला रकानाच नाही, हे ज्याच्या लक्षात येत नाही त्यानं कुणाशी भांडावं?

म्हणून परवा एका गोष्टीचा मला फार आनंद झाला. महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं बंधनकारक केलं आहे. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. माझा एक भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. तो वैतागून म्हणाला, "मामा, आईचं नाव आणलं ते चांगलंच केलं. पण मधेच कशाला घुसवायचं? पुढचे सगळे रकाने सरकतात. शेवटी टाकलं असतं तर कुणाला काही बदलावं लागलं नसतं. जागा कोरी ठेवलेलीच असते की!"

धंद्याच्या दृष्टीनं तो अगदी बरोबर बोलत होता. मीही एके काळी ती तीस घरं शेवटीच शोधली होती. तेव्हा दुसरीकडे जागाच नव्हती. पण मी त्याला म्हटलं, "सरकू देत सगळे रकाने. कागद नवा करा, फाइली पुन्हा आत घ्या, दोन रात्री जागा आणि ताळा पाहा. ते तुमचं कामच आहे. आईचं नाव मात्र मधेच राहू दे. रुंदी कमी पडली की आधी शेवटचं कापलं जातं. आपल्या लिंबागणेशच्या माणसाला तरी हे शिकवावं लागू नये."